लाभार्थी अनुपस्थित

तिडकेमामा आमच्या कार्यालयात पहिल्यांदा आले ते डालडाचा रिकामा डबा घेऊन.

बीडच्या एका चार पानी दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होते. त्या दिवशी आमच्या पहिल्या पानावर कृत्रिम पावसाची बातमी होती. विमान उडालं, ढगांत फवारणी झाली, जिल्ह्यात समाधानकारक सरी कोसळल्या, प्रयोग यशस्वी. प्रसिद्धीपत्रक जसं आलं तसं मी पानात लावलं होतं, ‘यशस्वी’ची वेलांटी तेवढी सुधारून.

साठीच्या आतबाहेरचा एक किडकिडीत माणूस समोर उभा राहिला आणि डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “पाऊस पडला म्हणून छापलंय तुमी. कुणी मोजला?”

“सरकारी पत्रक आहे,” मी म्हटलं.

“ते हाय. मोजला कुणी?”

डब्याच्या आत, भिंतीला चिकटवून, शाळेची पट्टी उभी केलेली होती. असे तीन डबे त्यांनी तीन ठिकाणी ठेवले होते. एक बीडला स्वतःच्या गच्चीवर, एक पाटोद्याकडे बहिणीच्या गावात, एक पालीला मित्राच्या अंगणात. “विमान पाटोद्याच्या अंगानं गेलं म्हणून छापलंय. तिथल्या डब्याचं नुसतं बूड वल्लं झालं. पालीला विमान गेलंच न्हाई, तिथं बोटभर. मंग पालीचा कुणी पाडला?”

“म्हणजे प्रयोग फसला असं छापू?”

“न्हाई न्हाई!” ते एकदम घाबरल्यासारखे मागे सरकले. “तीन डब्यांवरून फसला असं कुणी म्हणू नये ताई. यशस्वी कावून म्हणलं, एवढंच इचारतोय.”

संपादकांना हा माणूस आवडला. असला मजकूर आणणारं दुसरं कोणी नव्हतं. दर गुरुवारी, चौथ्या पानावर, खालची दोन कॉलमची जागा मामांना मिळाली. सदराचं नाव त्यांच्याच तोंडचं: ‘कुणी मोजलं?’

किसन तिडके एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. शिपायांना आणि परिचरांना पोरं मामाच म्हणतात, ते निवृत्त होऊनही मामाच राहिले. शिक्षण दहावी. तीस-बत्तीस वर्षं बाटल्या धुतल्या, द्रावणं बनवली, चिठ्ठ्या लावल्या. “द्रावण मी बनवायचो, सर पुस्तकातलं उत्तर फळ्यावर लिहायचे. माझ्या हातून कमीजास्त झालं तरी फळ्यावरचं उत्तर तेच!” हे सांगताना ते खूप हसायचे. एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांनी गुपचूप प्रत्येक टेबलावर थोडं वेगळं द्रावण ठेवलं. सगळ्या पोरांचं उत्तर मात्र एकच आलं. मामांनी ते बाहेरून आलेल्या परीक्षकांना दाखवलं, आणि प्राचार्यांनी मामांना वर्षभर ग्रंथालयात धूळ झटकायला पाठवलं. तिथे त्यांनी विज्ञानाची सगळी कपाटं वाचून काढली. “लई उपकार झाले साहेबांचे,” असं म्हणायचे, आणि ते मनापासून असायचं.

घरात साबणाच्या वडीपासून चहाच्या डब्यापर्यंत सगळ्यावर तारखेची चिठ्ठी. शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळ्यानं लिहायचं, लाल स्वतःचं खोडायला. कार्यालयात चहा आला की आधी कप स्वतः विसळून आणायचे, पिऊन झाला की पुन्हा विसळून ठेवायचे. लेख जुन्या जर्नलच्या पाठकोऱ्या पानांवर, गोल टपोऱ्या अक्षरात. बोलणं सगळं बीडचं, पण लिहायला बसले की भाषा अशी काही इस्त्रीची व्हायची की मला हसू यायचं. ‘सदर यंत्र’, ‘प्रस्तुत निरीक्षण’. मी ते काढून टाकायचे. ते पुढच्या गुरुवारी परत घालायचे.

काय काय मोजलं त्यांनी. शाळांना ‘डिजिटल वर्ग’ मिळाल्याची बातमी आली, तेव्हा ते एका शाळेत पूर्ण आठवडा बसले आणि पडदा रोज किती मिनिटं चालू होता ते लिहून आणलं. वीज नव्हती ती मिनिटं वेगळी, वीज होती पण मास्तरांना पासवर्ड माहीत नव्हता ती वेगळी. गावात शुद्ध पाण्याचं यंत्र बसलं, तर यंत्रातलं पाणी आणि हौदातलं पाणी दोन बाटल्यांत घेऊन जुन्या प्रयोगशाळेत गेले आणि तपासून आले. यंत्राचं पाणी खरंच चांगलं निघालं. तेही त्यांनी तितक्याच आनंदानं लिहिलं. संपादक म्हणाले, “मामा, यात बातमी काय?” मामा म्हणाले, “चांगलं निघालं, ही बातमी न्हाई व्हय?”

वीज अटकाव यंत्राचं प्रकरण मात्र वेगळं झालं.

आमच्याकडे उन्हाळा सरता सरता वीज पडून माणसं, जनावरं जातात. एका गावात पंचायतीच्या छतावर ते यंत्र बसवलं आणि फीत कापल्याचा फोटो आमच्याकडे आला. मामा दुसऱ्याच दिवशी त्या गावाला गेले. छतावर दांडा होता, दांड्याला तांब्याची तार होती, तार भिंतीवरून खाली आली होती आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर संपली होती. जमिनीत गेलीच नव्हती. उरलेल्या तारेचं वेटोळं खिळ्याला टांगून ठेवलं होतं. मामांनी लिहिलं: ‘वीज या तारेने गुडघ्यापर्यंत येईल. पुढे कोठे जावे हे तिला कोणी सांगितलेले नाही.’

सरपंच वीसेक माणसं घेऊन कार्यालयात आले. गावाची बदनामी झाली, माफी छापा. मामा योगायोगानं तिथेच होते. त्यांनी सरपंचांना खुर्ची दिली, कागदावर खड्डा काढून दाखवला, त्यात मीठ-कोळसा कसा भरायचा, तार किती खोल न्यायची. सरपंच कागद घेऊन गेले. पंधरवड्यात तिथे सिमेंटचा ओटा झाला. तारेचं टोक ओट्यात गेलं. खाली खड्डा खणला की नाही हे आता ओटा फोडल्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं.

मग जूनच्या सुरुवातीला त्याच गावात, शिवाराच्या पार टोकाला शेळ्या राखणाऱ्या बाईवर वीज पडली. संपादकांनी मथळाच लिहून ठेवला: ‘अर्धवट तारेने घेतला बळी’. मामांना बोलावलं, म्हणाले, “तुम्ही आधीच लिहिलं होतं. आता सविस्तर लिहा. पहिल्या पानावर घेतो.”

मामांनी मथळा वाचला. मग म्हणाले, “साहेब, तार पूर्ण असती तरी ती बाई वाचली नसती. एवढ्या लांब त्याचा उपयोग नसतो. ते छताखालच्या माणसापुरतं हाय.”

“अहो, पण लोकांना राग आलाय. गाव पेटलंय. आत्ता दणका दिला तर चौकशी लागेल.”

“चौकशी लागावी. पण खोट्यावर न्हाई.”

त्यांनी त्या गुरुवारी तेच लिहिलं. यंत्र सदोष असेल, पण हा मृत्यू त्यामुळे झालेला नाही. ज्यांनी तार अर्धी सोडली होती त्यांनी ते कात्रण सगळीकडे फिरवलं: बघा, तिडके स्वतःच म्हणतात. मेलेल्या बाईच्या नवऱ्यानं कार्यालयात फोन केला. मीच उचलला. तो शिव्या देत नव्हता. तो एवढंच विचारत होता, “त्यांना कुणी काही दिलं का हो ताई? कावून लिहिलं त्यांनी असं?” मी मामांना निरोप सांगितला. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, परत खिशात ठेवलं. म्हणाले, “खरं तेच लिहिलंय ना ताई?” मी हो म्हटलं. खरं तेच होतं. ते त्या माणसाच्या घरी भेटायला गेले होते, दारातूनच परत आले, हे मला नंतर कळलं.

मामांची मोठी बहीण कौसाबाई. मामा तिला अक्का म्हणत. पाटोद्याकडचं ते डब्याचं गाव तिचं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं कोयता धरला, दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीला जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, असं तीसेक वर्षं. मामांची दहावी त्यातून झाली. मी अक्काला एकदाच पाहिलं. मामांबरोबर कार्यालयात आल्या होत्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, आणि हात असे की चहाचा तापलेला स्टीलचा पेला त्यांनी तळहातावर सरळ घेतला, पदर लावला नाही.

“पोळत नाही?” मी विचारलं.

“काय राह्यलंय पोळायला,” अक्का म्हणाल्या आणि बोटं पुढे केली. गुळगुळीत होती. उसाच्या पाचटानं आणि कोयत्याच्या दांड्यानं रेषा पुसून गेलेल्या.

याच बोटांवरून पुढचं सगळं झालं.

रेशनच्या दुकानाला आमच्याकडे कंट्रोल म्हणतात. कंट्रोलात अंगठ्याचं मशीन आलं. अक्काचा अंगठा लागेना. नवरा वारलेला. मुलगा दत्ता आणि सून सुनीता पोरांना घेऊन टोळीबरोबर गेलेले, त्यांचं कार्डही वेगळं झालेलं, त्यामुळे या कार्डावर माणूस एकच, अक्का. अंगठा नाही तर मोबाईलवर नंबर येतो, तो सांगा म्हणे. कार्डाला जोडलेला मोबाईल नंबर टोळीच्या मुकादमाचा होता, कारण नोंदणीच्या वेळी घरात दुसरा फोनच नव्हता. तो नंबर कधीच बंद पडलेला.

मामांनी तीन गुरुवार यावर लिहिलं. तालुक्याच्या कार्यालयातून उत्तर आलं की तपासणी केली असता सदर गावात यंत्रणा सुरळीत आहे, काही लाभार्थी धान्य घ्यायला येत नाहीत, इतकंच.

‘येत नाहीत’ हा शब्द मामांना झोंबला. ते दुकानात जाऊन बसले, आणि तिथे त्यांना ते दिसलं. अंगठा जुळला की पावती निघते, ‘धान्य दिले’ अशी नोंद होते. जुळला नाही तर पावतीच निघत नाही. महिना संपला की वरच्या कार्यालयाच्या पडद्यावर त्या नावापुढे आपोआप शेरा पडतो: लाभार्थी अनुपस्थित. म्हातारी दोन मैल चालत आली, पाच वेळा अंगठा लावला, लिंबानं बोट धुऊन पुन्हा लावला, तरी ती आलीच नव्हती.

मला ते सांगताना मामांचा आवाज चढला होता. “मशीन चुकतं याचं काय न्हाई ताई. तराजू बी चुकतो. पण हे चूक झाली असं लिवतच न्हाई. माणूसच आला न्हाई म्हणतं!”

त्यांनी ठरवलं, सहा महिने नोंद ठेवायची. महिन्यातले वाटपाचे सगळे दिवस दुकानात बसायचं. कोण आलं, किती वाजता आलं, किती वेळा अंगठा लावला, काय झालं. लेख नाही, आरोप नाही, नुसती वही. ती वही घेऊन रेशनच्या जिल्हा बैठकीत जायचं.

कंट्रोलवाला बरा माणूस होता. अक्कासारख्या पाच-सहा म्हाताऱ्यांना तो गुपचूप आपल्या घटीतून, सांडलवंड म्हणून धरलेल्या धान्यातून, थोडंफार द्यायचा. मामा वही घेऊन बसले तेव्हा त्यानं हात जोडले. “मामा, मी देतो ते लिहू नका.”

मामा म्हणाले, “दिलं तर ‘दिलं’ असं लिवावं लागंल.”

“मंग माझं दुकान जाईल. मशीनवर नोंद न्हाई आन् धान्य गेलंय, असं निघंल.”

“खोटी वही मी न्हाई ठेवणार, बाबा.”

मग त्यानं देणं बंद केलं. सहा महिने म्हाताऱ्यांना काही मिळालं नाही. वही मात्र खरी राहिली.

मामा बीडहून अक्कासाठी ज्वारी, तांदूळ न्यायचे. ती एकदा घ्यायची, दोनदा परत पाठवायची. “तुझ्या घरचं कावून खाऊ? माझ्या हक्काचं हाय ना तिथं दुकानात?” पण दर महिन्याला ती दुकानात यायची आणि मामांच्या वहीसाठी पाच वेळा अंगठा लावायची. मामा लिहायचे: कौसाबाई, पाच वेळा, नाही. “झालं का रे किसन्या तुझं?” ती विचारायची आणि पिशवीची घडी करून परत जायची.

बैठक बीडलाच, जिल्ह्याच्या कार्यालयात होती. वार्तांकनाला मी गेले होते. अधिकारी तरुण होते, सभ्य होते. मामांना त्यांनी पुढे बसवलं, पाणी दिलं, वही पूर्ण चाळली. भिंतीवरच्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता, तालुके हिरवे.

“मामा, मेहनत फार आहे तुमची,” ते म्हणाले. “पण या वहीतली माणसं सिस्टीममध्ये ‘अनुपस्थित’ आहेत.”

“व्हय साहेब. तेच दाखवायला आलोय. ती आलती. मी तिथं बसलेलो होतो.”

“पण त्याची नोंद कुठे आहे?”

“ही काय, वही.”

“ही तुमची नोंद झाली. सिस्टीममधली?”

“सिस्टीम ती नोंद घेतच न्हाई साहेब. म्हणून तर वही ठेवली.”

अधिकाऱ्यांनी वहीचं पान पुन्हा उलटून पाहिलं. मग म्हणाले, “मी वर कळवतो. लवकरच चेहरा ओळखणारी नवी प्रणाली येते आहे, तेव्हा अंगठ्याचा प्रश्नच राहणार नाही.” त्यांनी वहीची पोच दिली, सहीशिक्क्यानिशी. मामा पोच दोन्ही हातांत धरून जिना उतरले. खाली आल्यावर मला म्हणाले, “माणूस चांगला हाय.” आणि पायरीवर बसले. मी रिक्षा आणेपर्यंत तिथेच बसून होते.

नवी प्रणाली आली. मोबाईल चेहऱ्यासमोर धरायचा आणि पापण्या मिचकवायच्या. अक्काच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, त्या डोळ्याची पापणी अर्धीच मिटायची. फोन पुन्हा पुन्हा म्हणायचा, कृपया डोळे मिचकवा. अक्का म्हणाली, “याला माझा डोळा बी पटंना.” दुकानातल्या बायका हसल्या. मामाही हसले, असं त्यांनीच सांगितलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर अक्का मुलाच्या टोळीबरोबर निघाली. मामांनी अडवलं.

“अक्का, थांब. वर कळवलंय. व्हईल.”

“किती मोजशील किसन्या? एक साल तुझ्यासाठी थांबले ना मी?” ती म्हणाली. “इथं बसून काय करू? तिथं पोरं राखीन, भाकरी थापीन. दोन घास मिळतील.”

कोयता तिनं धरला नाही. पण माघाच्या थंडीत, कारखान्याच्या माळावरच्या कोपीत, पाचटाच्या त्या झोपडीत तिला ताप भरला. मुकादम म्हणाला, एवढी खेप होऊ द्या, मग गाडीनं दवाखान्यात नेऊ. खेपेला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेली. अंत्यविधी तिकडेच उरकला. मामा पोचले तेव्हा टोळी दुसऱ्या फडात कामाला लागली होती, कोपीत सुनीता एकटी पोराला पाजत बसली होती.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी मामा कार्यालयात आले. दाढी वाढलेली. चहा आला, तो त्यांनी न विसळलेल्या कपातच घेतला. एक कागद पुढे केला. त्यावर फक्त महिने लिहिले होते, एकाखाली एक, आणि प्रत्येक महिन्यापुढे संकेतस्थळावरचा शेरा: लाभार्थी अनुपस्थित. दहा ओळी. आठव्या आणि नवव्या ओळीच्या मध्ये लाल पेनानं एक बारीक रेघ होती.

“ही रेघ?” मी विचारलं.

“हिथं अक्का वारली,” मामा म्हणाले. “शेऱ्यात फरक न्हाई.”

मग कप खाली ठेवून म्हणाले, “कंट्रोलवाला देत होता ताई. मूठभर का व्हईना, देत होता. माझ्या वहीनं बंद झालं ते.”

मी काहीतरी बोलले. तुमचा दोष नाही, असलं काही. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

संपादकांनी कागद पाहिला. म्हणाले, “वाईट झालं. पण हे वैयक्तिक आहे, यात मजकूर कुठाय?” तेव्हा दैनिकाचे मालक बदलले होते. पत्रकांवरून बातम्या तयार करून देणारं एक सॉफ्टवेअर आलं होतं, शुद्धलेखनासकट. माझं निम्मं काम ते करायचं आणि उरलेलं निम्मं कधी काढून घेतील याची मला धास्ती होती. मी कागदासाठी भांडले नाही. तो कधी छापला गेला नाही. गुरुवारच्या त्या जागेत आता सरकारी योजनांची माहिती येते. ती वाचायला सोपी असते.

मामा पुन्हा आले नाहीत. फोन केला तर लागायचा, ते “बरं हाय” म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. मीही हळूहळू फोन करणं सोडलं.

परवा दिवाळीच्या तोंडावर बसनं पाटोद्याकडे जात होते. रस्त्यात टोळ्यांचे ट्रॅक्टर लागलेले. एका वळणावर आमची बस अडकली आणि शेजारी दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. मागच्या ट्रॉलीत सरपण, पत्र्याच्या पेट्या, दोरीनं बांधलेली एक शेळी आणि बायामाणसं. त्यात तिडकेमामा होते. पिठाच्या पोत्याला टेकून बसलेले, मांडीवर सुनीताचं वर्षभराचं पोर झोपलेलं. सुनीता आणि दत्ता दोघंही कोयता धरणार, तर कोपीवर पोर सांभाळायला घरात आता दुसरं कोणी उरलेलं नव्हतं.

मी खिडकीतून हाक मारली. “मामा!”

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं, असं मला वाटलं. शर्टाचा खिसा रिकामा होता. पोराच्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून त्यांनी एक हात छपरासारखा त्याच्यावर धरला होता, आणि माझ्याकडे बघत असतानाही तो हलवला नाही. मग ट्रॅक्टरनं धक्का घेतला, ट्रॉल्या एकामागून एक खडखडल्या आणि ते आमच्या पुढे निघून गेले.